भुतं नसतात, आजी असते

टीममध्ये नवीन आलेल्या पोरापोरींना मी एक फालतू प्रश्न विचारतो. ‘भुतं असतात का?’ याचं इंग्रजी करा. क्षणात उत्तर येतं, ‘डू घोस्ट्स एक्झिस्ट?’ मग म्हणतो, आता ‘भूत आहे का?’ याचं करा. इथे जरा चुळबुळ होते आणि ‘इज देअर अ घोस्ट?’ बाहेर पडतं. दोन्ही उत्तरं बरोबर. कुणी शिकवलेलं नसतं, तरी बरोबर. पहिल्यात विचारलंय की अशी काही चीज जगात असते का. दुसऱ्यात विचारलंय की इथे, आत्ता, या जिन्याखाली आहे का. पहिल्या प्रश्नाला छातीठोक ‘नसतात’ म्हणणारा माणूसही दुसऱ्या प्रश्नासाठी रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन उठतो.

हीच मंडळी दुपारी कोडमध्ये ‘युझर डझ नॉट एक्झिस्ट’ असा मेसेज लिहितात. तो भाषांतराच्या फायलीत जातो आणि तिथून ‘वापरकर्ता अस्तित्वात नाही’ होऊन कुणाच्या तरी फोनवर उगवतो. माझं भांडण या वाक्याशी आहे. ते रुक्ष आहे म्हणून नाही, पुस्तकी आहे म्हणूनही नाही. ते खोटं आहे म्हणून. इंग्रजीत खोटं आहेच, मराठीत येताना आणखी खोटं होतं.

आधी इंग्रजीचा हिशोब करू. असण्यासाठी इंग्रजीत ‘बी’ हे एक क्रियापद आहे असं शाळेत सांगतात आणि आपण त्याची विस्कटलेली रूपं पाठ करतो: अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर, बीन. विस्कटलेली वाटतात कारण मुळात ते एक क्रियापद नाहीच. निदान तीन जुन्या धातूंची ती गोधडी आहे. ‘इज’चं नातं संस्कृतातल्या ‘अस्ति’शी लागतं, ‘बी’चं ‘भू’ धातूशी आणि ‘वॉज’चं ‘वस्’शी, म्हणजे राहणं, मुक्काम करणं. ‘भू’पासून आपल्याकडे ‘होणं’ आलं, ‘वस्’पासून ‘वस्ती’. त्यामुळे कुणी ‘आय वॉज देअर’ म्हणालं की अगदी मुळाशी जाऊन ते ‘मी तिथे वस्तीला होतो’ असं ऐकायला मला आवडतं. (व्याकरणवाले रागावतील. रागावू देत.)

‘एक्झिस्ट’ या घरातलं नाही. ते लॅटिनमधून आलेलं, ‘बाहेर’ आणि ‘उभं राहणं’ यांची गाठ मारून झालेलं. पुढे येऊन उभं राहणं, उठून दिसणं. इंग्रजीत ते साधारण १६०० च्या आसपास रुजलं आणि अजून त्याला कचेरीचा वास येतो. घरात इंग्रजी बोलणारा माणूस ‘देअर इज अ प्रॉब्लेम’ म्हणतो. ‘अ प्रॉब्लेम एक्झिस्ट्स’ हे अहवालात. आपण मात्र सकाळच्या स्टँडअपमध्ये ‘सर, इश्यू स्टिल एक्झिस्ट्स’ म्हणतो, जिथे ‘इट्स स्टिल देअर’ने भागलं असतं. हा मोठ्या शब्दाचा सोस आहे. त्यानं कुणाचं वाईट होत नाही, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

महत्त्वाचा फरक वेगळा आहे. ‘देअर इज’ म्हटलं की कुठे, कधी, हे मागोमाग येतं, निदान मनात तरी असतं. ‘एक्झिस्ट’ ती जागा आणि वेळ पुसून टाकतं. ‘नो टॅक्सीज देअर’ म्हणजे तिथे टॅक्सी नाहीत. ‘टॅक्सीज डोन्ट एक्झिस्ट’ म्हणजे टॅक्सी नावाची गोष्टच नाही. ‘प्रेझेंट’ म्हणजे हजेरी. ‘अव्हेलेबल’ आणखी निराळं: ‘सर आर नॉट अव्हेलेबल’ ऐकताना सर आत केबिनमध्ये चहा पीत असतात हे तुम्हालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. सर आहेत, तुमच्यासाठी नाहीत. आणि ‘एक्झिस्ट’ माणसाला लावलं की ते फारच खाली उतरतं. इन्स्टावर ‘नॉट लिव्हिंग, जस्ट एक्झिस्टिंग’ अशी कॅप्शन टाकणाऱ्यांना ही छटा पक्की कळलेली असते: श्वास चालू आहे, बाकी काही नाही.

मग ही कळणारी माणसं कोडमध्ये आल्यावर आंधळी का होतात? माझ्या मते दोन कारणं. एक, इंग्रजी शब्द आपण समानार्थी शब्दांच्या यादीतून गिळतो. बी, एक्झिस्ट, प्रेझेंट, अव्हेलेबल, समोर एकच मराठी शब्द: असणे. दुसरं, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून गणितात ‘देअर एक्झिस्ट्स’ इतक्या वेळा लिहिलेलं असतं की ते क्रियापद काटेकोर असण्याची निशाणीच वाटू लागतं. तो उलटा ‘ई’ आठवतो? पेआनो या इटालियन गणितज्ञानं तो १८९७ साली वापरात आणला. पण गणितातला तो ‘एक्झिस्ट्स’ कधीच एकटा येत नाही. कोणत्या संचात, हे ठरलेलं असतं. वर्ग केल्यावर उणे एक येईल अशी संख्या आहे का? वास्तव संख्यांत नाही, संमिश्र संख्यांत आहे. संच न सांगता ‘नाही’ म्हणालात तर मार्क कापतात आणि योग्यच करतात. एसक्यूएलमधलं ‘एक्झिस्ट्स’सुद्धा कंसात अख्खी क्वेरी घेऊन येतं, आणि त्या क्वेरीत ‘फ्रॉम’ असतं: अमुक टेबलमधून.

म्हणजे मशीनला नीट माहीत असतं की आपण कशात शोधलं. एका टेबलात, एका अटीनं, एका क्षणी. सापडलं नाही. हे इतकं नेमकं सत्य हातात असताना मेसेज लिहिणारा माणूस त्यातलं ‘टेबलात’ खोडतो, ‘शोधलं’ खोडतो आणि विश्वाबद्दलचं विधान छापतो. लाभार्थी अस्तित्वात नाही. कशात अस्तित्वात नाही? गावात? महाराष्ट्रात? तीन मितींत?

आपल्याआधीच्या लोकांना हे कळत होतं. युनिक्समध्ये फाइल मिळाली नाही की मिळणाऱ्या एररचं आतलं नाव ‘ईनोएंट’ आहे, ‘एरर, नो एंट्री’चं आखूड रूप. एंट्री नाही, म्हणजे नोंद नाही. गावच्या तलाठ्यानं वही चाळून हेच सांगितलं असतं: ‘नोंद नाही.’ तो ‘तुमची जमीन अस्तित्वात नाही’ म्हणत नाही, कारण त्याला पायाखाली ती दिसत असते. वेबवरच्या ४०४चं नावही ‘नॉट फाउंड’ आहे, ‘डझ नॉट एक्झिस्ट’ नव्हे, आणि हा योगायोग नाही. २०२२ साली आलेल्या आरएफसी ९११० या प्रमाणपत्रकात ४०४चा अर्थ फार जपून दिलाय: सर्व्हरला सध्या ती गोष्ट सापडली नाही, किंवा ती आहे हे सांगायची त्याची इच्छा नाही. ही गैरहजेरी तात्पुरती की कायमची, तेही ४०४ सांगत नाही. कायमची असेल तर त्यासाठी वेगळा नंबर आहे, ४१०, ‘गॉन’. गेले. मराठीत ‘आजोबा घरी नाहीत’ आणि ‘आजोबा गेले’ यांत जेवढं अंतर आहे तेवढंच ४०४ आणि ४१०मध्ये. इतका विवेक एका प्रोटोकॉलला आहे, आणि त्यावर चालणाऱ्या अ‍ॅपला नाही.

आता मला राग का येतो ते सांगतो. माझी आजी गावी असते. तिला दरमहा एक छोटं अनुदान मिळायचं, ते एकदा थांबलं. आत्यानं फोनवर पोर्टल उघडलं, आजीचा तपशील भरला आणि स्क्रीनवर तांबड्या अक्षरांत आलं, ‘लाभार्थी अस्तित्वात नाही.’ आत्यानं ते मोठ्यानं वाचलं. आजी म्हणाली, “मग हितं कोण बसलीया?” घरात हशा झाला, व्हॉट्सअ‍ॅपवर मलाही आला.

पुढचं हसण्यासारखं नव्हतं. ते वाक्य वाचून आत्यानं काय समजावं? जे तुम्ही-आम्ही समजलो असतो तेच: सरकारदरबारी आई वारलेली दाखवलीय. मराठीत माणूस अस्तित्वात नाही याचा दुसरा अर्थच होत नाही. मग ती हयातीच्या दाखल्यामागे लागली. आजीला रिक्षात घालून तालुक्याला नेलं, एकदा साहेब नव्हते, एकदा सर्व्हर नव्हता, एकदा अंगठ्याचा ठसा उमटेना, कारण आयुष्यभर शेतात राबलेल्या बोटांवर रेषा उरलेल्या नव्हत्या. तीन आठवड्यांनी दाखला मिळाला. पोर्टल पुन्हा तेच म्हणालं. अस्तित्वात नाही.

खरी भानगड काय होती? आजीच्या नावातला एक उकार एका नोंदीत ह्रस्व होता आणि दुसऱ्या नोंदीत दीर्घ. दोन स्ट्रिंग जुळल्या नाहीत, क्वेरीनं शून्य ओळी परत दिल्या, बास. आजी यादीत होती. एका वेलांटी-उकाराच्या पलीकडे बसलेली होती. मेसेज जर ‘या नावाची नोंद सापडली नाही, नाव तपासून पाहा’ असा असता, तर आत्यानं पहिल्याच दिवशी नाव तपासलं असतं. चुकीच्या क्रियापदानं तिला चुकीच्या खिडकीवर पाठवलं. ऐंशी पार केलेल्या बाईचा जिवंत असल्याचा पुरावा गोळा करायला लावला, जेव्हा प्रश्न तो नव्हताच.

म्हणून ‘शब्दांनी काय फरक पडतो, वाचतं कोण’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. ज्याला कोड दिसत नाही, डेटाबेस दिसत नाही, हेल्पलाइन लागत नाही, त्याच्याकडे त्या एका ओळीशिवाय दुसरं काहीही नसतं. तोच तो वाचतो. तुम्ही-मी लॉग बघू शकतो, म्हणून आपल्याला ती ओळ सजावट वाटते.

आणि ही बेफिकिरी अज्ञानातून येत नाही, हे मला जास्त टोचतं. कारण एका ठिकाणी आपण याच क्रियापदाबाबत कमालीचे सावध असतो. लॉगिनच्या पानावर. चुकीचं ईमेल टाकलंत तर एखादी सावध साइट ‘असं खातं नाही’ म्हणत नाही. ‘ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ एवढंच म्हणते. ओवॅस्पसारख्या सुरक्षाविषयक संस्थेच्या मार्गदर्शनात हे स्पष्ट दिलेलं असतं, कोड रिव्ह्यूत यावरून पुल रिक्वेस्ट अडवल्या जातात. का? कारण खातं आहे की नाही हे कळलं तर चोर एकेक ईमेल टाकून यादी बनवेल. म्हणजे ‘एक्झिस्ट’ आणि ‘मॅच झालं नाही’ यांतला फरक आपल्या धंद्याला उत्तम कळतो. चोराशी बोलताना आपण शब्द तोलून वापरतो. आजीशी बोलताना नाही.

यामागे एक जुनी सोय आहे. रेमंड रायटर या संगणकशास्त्रज्ञानं १९७८ साली तिला नाव दिलं, बंद जगाचं गृहीतक: डेटाबेसमध्ये जे नाही ते जगात नाही असं मानून चालायचं. काही ठिकाणी हे अगदी रास्त आहे. रेल्वेच्या वेळापत्रकात पुणे ते अमुक गाव अशी थेट गाडी दिलेली नसेल तर ती नाही. वेळापत्रकात नसलेली गाडी कुठेतरी गुपचूप धावत नसते, कारण गाडी वेळापत्रकामुळेच धावते. माणूस नोंदीमुळे जगत नाही. जन्माच्या दाखल्याच्या आधी जन्म होतो. ही साधी गोष्ट विसरून रेल्वेचं गृहीतक माणसांना लावलं की काय होतं, हे संगणकाच्याही आधी या देशात दिसलेलं आहे. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातले लाल बिहारी १९७५च्या सुमारास महसुली कागदावर मृत झाले, कारण नातेवाइकांना त्यांची जमीन हवी होती. कागदावर पुन्हा जिवंत व्हायला १९९४ उजाडलं. मधल्या काळात त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावलं, तसल्याच जिवंत मृतांचा संघ काढला, राजीव गांधींविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले. ‘कागज’ हा पंकज त्रिपाठींचा सिनेमा त्यांच्यावरच बेतलाय. पण मला राहून राहून वाटतं, लाल बिहारींच्या कागदानं निदान ‘मृत’ म्हटलं होतं. मृत म्हणजे कधीकाळी होता. ‘अस्तित्वात नाही’ एवढंही देत नाही.

गंमत म्हणजे डेटाबेसला स्वतःच्या ओळींबद्दल याहून जास्त माया असते. आपण सहसा कुठलीच ओळ खरी पुसत नाही. ‘इज डिलीटेड’ नावाचा एक रकाना ठेवतो आणि तिथे ‘ट्रू’ लिहितो. म्हणजे ओळ आहे, पण ‘नाही’ असं तिच्यावर लिहिलंय. कांटनं १७८१ साली बजावलं होतं की असणं हा वस्तूचा गुण नव्हे. कल्पनेतल्या शंभर नाण्यांत आणि खऱ्या शंभर नाण्यांत वर्णनापुरता काही फरक नसतो. आम्ही त्याचा रकाना करून टाकला. त्याला काय वाटलं असतं कुणास ठाऊक, पण ऑडिटवाले खूश असतात.

आता मराठीकडे. ‘अस्तित्वात आहे’ हा प्रयोग मराठीत नाही असं मी म्हणत नाही. कायदा अस्तित्वात येतो, संस्था अस्तित्वात असते, शिवशाहीच्या काळी अमुक पेठ अस्तित्वात होती. जे स्थापन होतं, मोडीत निघतं, त्याला तो शोभतो. माणसाला, फायलीला, मोबाइल नंबरला नाही. त्यांच्यासाठी आपल्याकडे रोजच्या वापरातली केवढी माणसं कामाला आहेत: आहे, असतो, सापडतो, मिळतो, हजर, शिल्लक, हयात. ‘बाबा घरी आहेत’ आणि ‘बाबा घरी असतात’ यांतला फरक दाखवायला इंग्रजीला ‘युज्वली’ची कुबडी घ्यावी लागते. यावरून मराठी श्रेष्ठ वगैरे काढू नका, मला त्या मिरवणुकीत नाचायचं नाही. आपल्या ‘नाही’ची अडचण मोठी आहे: नकार, अभाव आणि वाक्यातलं साधं ‘नॉट’ तिन्ही कामं तो एकटाच करतो. ‘पैसे नाही’ म्हणजे खिशात नाहीत की द्यायचे नाहीत, हे ऐकणाऱ्यानं चेहऱ्यावरून ओळखायचं. स्क्रीनला चेहरा नसतो. म्हणूनच तिथे नुसत्या ‘नाही’वर न सोडता कशात, कशाच्या आधारे, पुढे काय करायचं, हे लिहावं लागतं.

पण या भाषेला ‘नाही’चं वजन माहीत आहे एवढं खरं. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतात. घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. तुम्हाला हे भाबडं वाटो वा जुनाट, पण ज्या घरात असं बोलतात त्याच घरातल्या फोनवर आपण ‘अस्तित्वात नाही’ पाठवतोय.

कुणी म्हणेल, भाषांतर आता मशीन करतं, आम्ही काय करणार. मशीन तुम्ही दिलेल्या इंग्रजीचंच भाषांतर करतं. ‘डझ नॉट एक्झिस्ट’ दिलंत तर ‘अस्तित्वात नाही’ येणार. ‘वी कुडन्ट फाइंड अ रेकॉर्ड’ दिलंत तर ‘आम्हाला नोंद सापडली नाही’ येणार. घाण उगमात आहे, खाली गाळणी लावून उपयोग नाही. शिवाय दुसऱ्या वाक्यात ‘आम्ही’ आहे, म्हणजे न सापडण्याची जबाबदारी कुणीतरी घेतली. पहिल्या वाक्यात सगळा दोष ज्याला शोधलं त्याचा: तूच नाहीस, त्याला आम्ही काय करणार?

राहिला शेवटचा आक्षेप, जो दर वेळी डिझाइनवाल्यांकडून येतो: मोबाइलच्या स्क्रीनवर जागा कमी असते, मराठी लांब होतं. मोजून दाखवा त्यांना. ‘अस्तित्वात नाही’ ही सहा अक्षरं, त्यात जोडाक्षरं दोन, जी स्वस्त फोनच्या बारीक फाँटमध्ये एकमेकांवर चढतात. ‘सापडलं नाही’ हीसुद्धा सहाच, जोडाक्षर एकही नाही. आणि ‘नोंद नाही’ चार.